‘माझाच पाय घसरला’ म्हणणाऱ्या मिस्त्रींच्या घरी

एका ताईंचं पत्र आलं आहे. मजकूर मोठा होता, थोडक्यात देतो.

‘माझे मिस्टर (वय ३५) रस्त्याच्या कामावर मशिनांचे मिस्त्री आहेत. पोकलेन, टिपर, ग्रेडर सगळं बघतात. पगार १८ हजार, हातात रोख. तीन आठवड्यांपूर्वी पोकलेनच्या बोनटवर चढून टर्बोचे (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या भागाचे) बोल्ट खोलत होते. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी सातपासून कामावर होते. पाना सटकला आणि ते खाली दगडात पडले. दोन्ही टाचा फुटल्या, उजव्या टाचेत प्लेट टाकली. सुपरवायझर सोबत होते, त्यांनी दवाखान्यात “घरी जिन्यावरून पडले” असं सांगितलं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. आमचं घर पत्र्याचं आहे, घराला जिनाच नाही. ठेकेदार आमच्याच गावाकडचे. दवाखान्याचे पैसे त्यांनी भरले, वर १५ हजार दिले. आता म्हणतात, स्टॅम्पपेपरवर सही करा की आम्हाला सगळं मिळालं, पुढे काही मागणी नाही. बरं वाटलं की परत कामावर घेतो. शिवाय सुपरवायझर म्हणतात, बेल्ट दिला होता, याने लावला नाही. मिस्टर म्हणतात, माझाच पाय घसरला, मालकाला काय बोलायचं, सही करून टाक. कंबरपण दुखते, पण ती पडून राहून दुखत असेल. सही करू का?’

ताई, सहीचं सांगतोच, पण आधी कंबर.

माणूस उंचावरून उभा पडतो तेव्हा दणका टाचेत थांबत नाही. टाच, नडगी, गुडघा, खुबा असा वर चढत तो कण्यात जातो. दोन्ही टाचा ज्या दणक्याने फुटल्या त्याने कणा सोडला असेलच असं धरून चालू नका. असं पडून टाच मोडलेल्या शंभर जणांत दहाएक जणांच्या कण्यातही मोड सापडते, बहुतेक वेळा छाती संपून कंबर सुरू होते तिथल्या मणक्यात. सुरुवातीला टाचेची कळ इतकी मोठी असते की कंबरेकडे कुणाचं लक्ष जात नाही, रुग्णाचंही नाही. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं गेलं. दोन-चार पायऱ्यांवरून पडलेल्या माणसाचा कणा डॉक्टरने तपासला नसेल तर त्यात त्यांचा फार दोष नाही. आठ फुटांवरून दगडावर पडला हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. खोट्या नोंदीचं पहिलं नुकसान हे असं झालं आहे, पैशाचं नंतरचं.

म्हणून उद्याच्या उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि नीट सांगा: मशीनवरून, साधारण आठ फुटांवरून, दोन्ही पायांवर पडले, कंबर दुखते, कण्याचा एक्स-रे काढा. गरज वाटली तर ते सीटी सांगतील. भाऊंना बसतं करून रिक्षात कोंबू नका, आडवं झोपवून न्या. आणि पाय बधिर पडले, बैठकीची जागा सुन्न झाली, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, तर उद्याची वाट न बघता त्याच तासाला मोठ्या इस्पितळात न्या. १०८ ला फोन करा.

आता सही. करू नका. या महिन्यात नाही, पुढच्याही नाही, निदान भाऊ चालायला लागून त्यांच्या पायात काय उरलं आणि काय गेलं हे डॉक्टरने लिहून देईपर्यंत तरी नाही. टाच बरी व्हायला किती लागेल आणि किती बरी होईल हे आज कुणीच सांगू शकत नाही, मग ‘सगळं मिळालं’ हे आज कशाच्या जोरावर लिहायचं?

पण तुमच्या पत्रातली खरी अडचण स्टॅम्पपेपर नाही. भाऊंनी स्वतःच मनात सही करून टाकली आहे. ‘माझाच पाय घसरला.’ त्यांची ही समजूत हलली नाही तर मी सांगितलेलं बाकी काहीही तुम्ही करू शकणार नाही. म्हणून पुढचं त्यांना वाचून दाखवा.

भाऊ, मी तीस वर्षं मशिनांच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. टर्बोचे बोल्ट मी खोलले आहेत. उष्णतेने ते आत धरून बसतात. शहाणा मिस्त्री काय करतो? संध्याकाळी तेल सोडून ठेवतो, सकाळी थंड मशीनवर हात घालतो, नाहीच सुटलं तर गरम करून सोडवतो. तुम्हालाही हे माहीत आहे. मग त्या रात्री तुम्ही पान्याला पाइप लावून का ओढत होतात? पाइप लावला होता की नाही हे ताईंनी लिहिलेलं नाही, पण लावला असणार असं मला वाटतं, कारण त्याशिवाय माणूस बोनटवरून असा फेकला जात नाही. सकाळी मशीन चालू पाहिजे असं कुणीतरी सांगितलं असेल. पोकलेन एक दिवस उभी राहिली तर तिच्यामागे टिपरची रांग उभी राहते. ती घाई तुमच्या डोक्यात वरून येऊन बसली होती.

आता उभं कुठे राहिला होता ते बघू. पान्याला नेहमी आपल्याकडे ओढावं, ढकलू नये, म्हणजे सटकला तर बोटं लोखंडावर आपटत नाहीत, असं आपण पोरांना शिकवतो. जमिनीवर ते बरोबर आहे. बोनटवर मात्र तुमच्या पाठीमागे काय होतं? हवा. पूर्ण अंगाने मागे ओढायचं आणि मागे पाऊल टाकायला जागा नाही. पुढे ढकलायचं तर समोर तापलेला सायलेन्सर. म्हणजे तिथे उभं राहून तो बोल्ट कसाही खोलला तरी धोका होताच. बोल्ट सुटण्याच्या क्षणी तुमच्या हातातला सगळा जोर एकदम मोकळा होतो आणि तो तुम्हाला मागे फेकतो. याला पाय घसरणं म्हणत नाहीत.

आणि ती जागा कशी होती? नवी पोकलेन येते तेव्हा तिच्यावर चढायला पायऱ्या असतात, धरायला हँडरेल असते, वरच्या पत्र्यावर बुटाला पकड मिळावी म्हणून खरखरीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात. मशीनवर चढायची-उतरायची सोय कशी असावी याचं आयएसओ २८६७ नावाचं जागतिक मानकच आहे. वर्ष-दोन वर्षांत साईटवर काय होतं ते तुम्ही रोज बघता. खालची पायरी दगडाला लागून वाकते आणि तुटते. तिच्या जागी कुणीतरी सोळा एमएमच्या सळईचा तुकडा वाकवून वेल्डिंगने चिकटवतो. गोल सळई, वर ग्रीस लागलेला बूट. हँडरेलचा एक बोल्ट गेलेला असतो, धरली की डुगडुगते. पट्ट्या निघून गेलेल्या असतात आणि होजमधून गळलेलं तेल पत्र्यावर पसरून त्यावर धूळ बसून काळा थर झालेला असतो. डिझेलच्या फडक्याने पुसलं तर आणखी निसरडं होतं. उजेड कसला होता, भाऊ? खालून कुणी धरलेल्या टॉर्चचा. मशीनवर चढताना-उतरताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, असे तीन आधार कायम ठेवायचे, तोंड मशीनकडे ठेवायचं, हत्यारं हातात न घेता दोरीने पिशवी वर ओढायची, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण वर पोहोचल्यावर दोन्ही हातांनी पाना धरायचा असतो. तिथे तीन आधारांचा नियम संपतो, आणि तिथून पुढे माणसाला वाचवायला पायाखाली नीट फळी आणि पाठीमागे कठडा लागतो. दुसरं काही कामाचं नाही.

आठ फूट म्हणजे किती, असंही वाटेल. आठ फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर असतो आणि टेकताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला, धरायला, विचार करायला वेळच मिळत नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात उंचावरून पडण्याची भीती असलेल्या जागी कठडा किंवा तशी सोय करणं मालकाचं काम म्हटलं होतं. रस्त्याची साईट कारखाना नसते, तिला वेगळे नियम आहेत, पण पडण्यापासून वाचवायची सोय कुणी करायची ते यातून कळेल.

एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना मला अजून जड जातं. मी तरुण होतो तेव्हा एका धरणाच्या कामावर होतो. आमच्यातला एक मिस्त्री डोझरच्या चेनवर उभा राहून बोनट उघडत होता. पावसाळी हवा होती, चेनवर चिखल. तो मागे पडला. आम्ही चौघांनी त्याला काखेत धरून उभा केला, पाणी पाजलं, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवला आणि तासभर कच्च्या रस्त्याने नेला. कंबरेतला मणका मोडलेला होता. तसा बसवून नेल्याने किती बिघडलं हे मला कधी कळलं नाही, पण तो परत नीट चालला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अपघाताचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, कारण माझं अक्षर बरं होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘पाय घसरून पडला.’ चेनवरचा चिखल लिहिला नाही. त्या डोझरला बाजूची पायरी तीन महिन्यांपासून नव्हती, तेही लिहिलं नाही. तीन शब्दांत सगळं त्याच्या पायावर टाकलं. त्याला पुढे जे मिळालं ते फार थोडं होतं. म्हणून आज कुणी ‘माझाच पाय घसरला’ म्हणालं की मला ते रजिस्टर दिसतं.

बेल्टचं बोलू. सुपरवायझर म्हणतात बेल्ट दिला होता. ताई, त्यांना शांतपणे एक विचारा: तो अडकवायचा कशाला होता? बोनटवर डोक्याच्या वर हुक घालायला काही नसतं. आणि समजा पायाजवळच्या हँडरेलला अडकवला असता, तर नेहमीच्या बेल्टची दोरी जवळपास सहा फुटांची असते, झटका सोसणारा पॅक उघडला की ती आणखी तीन-चार फूट लांबते, त्यात माणसाची उंची धरा. असा बेल्ट धरेल तोपर्यंत माणूस आठ फुटांवरून जमिनीवर येऊन पडलेला असतो. सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा खाली असेल तिथे तो कामाचा. एवढ्या कमी उंचीवर चाकांची शिडी, कठड्याचा फलाट, निदान रंगाऱ्यांचा मजबूत घोडा आणि त्यावर रुंद फळी, हीच सोय लागते. ती साईटवर नव्हती हे मी पैजेवर सांगतो. आणि जेसीबीच्या बकेटमध्ये उभं करून वर न्यायची पद्धत असेल तर तीही सोय नव्हे, त्याने माणसं मेली आहेत.

कायदा काय म्हणतो ते आता सांगतो. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते, मग चूक कुणाची हा प्रश्न सहसा येत नाही. १९२३ सालापासून हे असंच आहे. तेव्हाचा तो कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मालकाला अंग काढून घ्यायला त्यात फार थोड्या वाटा आहेत: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढून टाकली. साधा निष्काळजीपणा त्यात बसत नाही. ‘तोल गेला’, ‘घाई केली’, ‘लक्ष नव्हतं’ यातलं काहीच बसत नाही. बेल्ट गोडाऊनमध्ये पडून होता म्हणजे बेल्ट लावण्याचा हुकूम दिला होता असं होत नाही. म्हणजे भाऊ म्हणतात तसा पाय घसरला असं धरलं, तरीही त्यांचा हक्क जात नाही. हे त्यांना दोनदा वाचून दाखवा.

पैशाचा हिशोब असा. पगार १८ हजार असला तरी या हिशोबासाठी तो १५ हजारांपर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली. घरी पडून आहेत त्या काळात दर पंधरवड्याला पगाराच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम, म्हणजे ३,७५०, महिन्याला ७,५००. पुढे पायात कायमचं काही राहिलं तर एकरकमी भरपाई. वय ३५ साठी कायद्याच्या तक्त्यात आकडा आहे १९७.०६. १५ हजारांचे ६० टक्के ९ हजार, गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. हे माणूस कायमचा कुठल्याच कामाचा राहिला नाही तर. भाऊंच्या बाबतीत कमाईची ताकद जितके टक्के गेली तितका त्यातला वाटा. समजा वीस टक्के गेली, तर साडेतीन लाखांच्या थोडे वर. तुम्हाला १५ हजारांवर सही मागितली आहे.

यात एक शब्द पकडून ठेवा: कमाईची ताकद. डॉक्टर पायाचे टक्के लिहितात, पण प्रश्न असतो की हा माणूस आपलं काम करू शकतो का. टाच बरी झाली तरी तिच्या वरचा सांधा अनेकदा आखडतो. सपाट जागी चालता येतं, पण खडकाळ जमिनीवर, उतारावर, शिडीच्या दांड्यावर टाच साथ देत नाही. बँकेत बसणाऱ्याचं त्याने फारसं अडणार नाही. पोकलेनवर चढणाऱ्या मिस्त्रीचं सगळंच अडतं. ओडिशातल्या जयपूरमध्ये एका सिनेमागृहाचं सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. एक हात शिल्लक होता, तरी सुतार म्हणून तो कामाचा उरला नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं धरलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. १९७६ चा म्हणून हा निकाल ओळखला जातो आणि आजही वकील तो काढतात. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते हेही त्यातच आहे. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळली तर वर निम्म्यापर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च यात कापून घेता येत नाही, तो वेगळा. आणि हक्क सोडून दिल्याचा साधा कागद कायद्यापुढे टिकत नाही. पण टिकत नाही म्हणून करून द्यायचा असंही नाही, कारण मग तो खोडून काढायला तुम्हालाच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

पगारातून ‘ईएसआय’ म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेसाठी पाऊण टक्का कापला जात होता का, ते विचारा. रोख पगार म्हणजे बहुधा नसेल. कापत असतील तर रस्ता वेगळा आणि सोपा: उपचार फुकट आणि पडून असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के त्यांच्याकडून.

आता मालकाचं. तुम्ही लिहिलंत की ते गावाकडचे आहेत, दवाखाना त्यांनी केला, मुलीला खाऊ घेऊन आले. मला ते खरं वाटतं, आणि त्यांना वाईट ठरवायची गरज नाही. रस्त्याच्या कामात खालच्या ठेकेदाराने कामगारांचा विमा काढावा अशी अट सहसा वरची कंपनी घालते, साईटवर त्याला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. ती असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. पण अपघात साईटवर झालाच नाही, घरी जिन्यावर झाला, असं कागदावर राहिलं तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही. म्हणजे सुपरवायझरच्या त्या एका वाक्याने तुमच्याइतकंच मालकाचंही नुकसान केलं आहे. तुम्ही त्यांच्याकडे भांडायला जाऊ नका. घरातलं एखादं मोठं माणूस सोबत घ्या आणि म्हणा, ‘दादा, तुम्ही केलंत ते आम्ही विसरणार नाही. पॉलिसी असेल तर तिचा नंबर द्या, अपघाताची नोंद खरी करा, सही आम्ही आत्ता करणार नाही.’ पॉलिसी नसेल किंवा ते हात वर करतील, तर ज्या कंपनीचं हे काम आहे तिच्यावरही भरपाईची जबाबदारी येते. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करून घेते, तो त्यांचा आपसातला विषय.

मीठ खाल्लं असं भाऊ म्हणतात. त्या मिठाच्या बदल्यात चौदा-चौदा तास काम दिलं आहे त्यांनी.

कागद दुरुस्त करायला लगेच लागा, कारण दिवस जातील तसा खोटा केसपेपर खरा वाटायला लागतो. दवाखान्यात भाऊंच्या सहीचा अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, मशीन दुरुस्त करताना बोनटवरून पडलो, दाखल होताना मी शुद्धीत नव्हतो किंवा वेदनेत होतो, माहिती सोबतच्या माणसाने दिली, आमच्या घराला जिना नाही. जे खरं असेल तेच लिहा. जुनी नोंद खोडा असं सांगू नका, ते डॉक्टर करणार नाहीत आणि करूही नये. रुग्णाचं स्वतःचं म्हणणं आजच्या तारखेने खाली जोडून घ्या, एवढंच मागा. सगळ्या कागदांची प्रतही मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठी नियम आहे. तसाच अर्ज ज्या हद्दीत साईट आहे त्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. ठेकेदाराला आणि वरच्या कंपनीलाही अपघाताची लेखी खबर पाठवा. घराचा एक फोटो काढून ठेवा, चारही बाजूंनी, जिना नाही हे दिसेल असा.

रोख पगाराची पावती नसते हे खरं, पण इतर गोष्टी बोलतात. हजेरीच्या वहीचा फोटो, सुपरवायझरचे त्या दिवशीचे फोन, ‘सकाळपर्यंत मशीन चालू कर’ असा मेसेज, पार्टच्या दुकानातून भाऊंच्या नावावर आणलेल्या सामानाची चिठ्ठी. मोबाइल फॉरमॅट करू नका, हरवू देऊ नका.

मग तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. भरपाईच्या दाव्याला मुदत असते, म्हणून बरं वाटल्यावर बघू असं करू नका. दावा आत्ता लावून ठेवा, टक्क्यांचा दाखला नंतर जोडता येतो.

भाऊंच्या पायाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. डॉक्टर सांगतील तोपर्यंत, आणि ते दोन-तीन महिनेही असू शकतात, टाच जमिनीला टेकवायची नाही. मिस्त्री माणूस घरी बसून उकडतो, भिंत धरून उभा राहून बघतो, आणि प्लेट हलते. तंबाखू-बिडी असेल तर या काळात बंद, कारण त्याने हाड आणि टाका दोन्ही उशिरा भरतात. परत कामावर घेतो म्हणतात तेव्हा लेखी विचारा की कुठल्या कामावर. इंजिन, हायड्रॉलिक पंप, सिलिंडर हे उतरवून बाकावर खोलायचं काम पाय न वापरता होतं, आणि भाऊंच्या हातातली विद्या तर पूर्ण शाबूत आहे. ती वर्कशॉपला हवी आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे की त्या रात्री खाली एक हेल्पर टॉर्च धरून उभा होता, १९-२० वर्षांचा. त्याने पडताना बघितलं आहे. भाऊंना म्हणावं, आज संध्याकाळी त्याला फोन करा. काय काय बघितलं ते त्याच्याच शब्दांत सांगू दे, आणि कुणी दडपण आणायच्या आत वकिलांपुढे लिहून द्यायला तयार आहे का विचारा. आणि हेही विचारा की तो टर्बो शेवटी कुणी बसवला, आणि ती खालची पायरी नीट केली का. बहुतेक टर्बो त्यानेच बसवला असेल, त्याच बोनटवर उभं राहून.